पाच तारखेला सगळे पंजाबी

गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट हे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वेबस्टरचा जाडजूड शब्दकोश घेऊन बसले आणि माणसाच्या स्वभावाला, वागण्याला लावता येईल असा एकूण एक शब्द त्यांनी वेचून काढला. १९३६ साली ती यादी छापून आली. शब्द भरले १७,९५३. त्यांतले साडेचार हजार त्यांनी टिकाऊ स्वभावाचे म्हणून वेगळे ठेवले. मागाहून आलेल्या मंडळींनी ती यादी चाळत, गाळत, आटवत अखेर पाच गुणांवर आणली आणि आज ते पाच गुण जगभर शिकवले जातात.

माझ्या मावशीला हे सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती.

"एवढ्या शब्दांचं काय करून राहिले होते ते?" तिने विचारलं.

प्रश्न रास्त होता. नागपूरच्या धरमपेठेत सारा जन्म काढलेल्या मावशीला जगातली यच्चयावत माणसं बसवायला सात खाने पुरतात: भैताड, आगाऊ, चेंगट, चाबरा, फोकनाड्या, काडीबाज आणि गरीब बिचारा. सातव्या खान्यात गर्दी अशी कधी झालीच नाही. तिथे आजवर तिचे यजमान आणि एक जुना दूधवाला एवढे दोघेच टिकले आहेत, आणि दूधवाल्याबद्दलही तिचं मत हल्ली डळमळू लागलं आहे.

मावशीची तपासणी पाहुण्याने चप्पल काढल्यापासून सोफ्यावर टेकेपर्यंत चालते. मग पाणी येतं. घोटभर पिऊन पेला खाली ठेवणारा हिशेबी. गटागटा संपवणारा मोकळ्या मनाचा, पण घरात कुणी विचारत नसावं. आणि "नको, आत्ताच घेतलं" म्हणणारा काहीतरी लपवून राहिला आहे. निकाल पाहुणा गेल्यावर दार लावता लावता जाहीर होतो. त्यावर अपील नाही. पुढे त्या माणसाने अगदी उलट वागून दाखवलं तरी मावशी म्हणते, "वरून तसा दाखवतो तो." तिचं निदान कधी चुकत नाही याचं कारण ते तपासून पाहण्याची सोय तिने ठेवलेलीच नाही.

तिला मी नावं तरी कशी ठेवू? माणसांचे प्रकार पाडण्याची हौस आपल्याकडे घराण्यात चालत आली आहे. वैद्याकडे जावं तर वात, पित्त, कफ. कीर्तनाला बसावं तर सत्त्व, रज, तम. गीतेच्या सतराव्या अध्यायात तर कोणत्या माणसाला काय खायला आवडतं यावरून त्याचा गुण सांगितला आहे, आणि तिखट, झणझणीत, घाम फोडणारं आवडणाऱ्यांची रवानगी राजस वर्गात केली आहे. म्हणजे सावजीच्या खानावळीत बसलेलं अर्धं नागपूर एका श्लोकात निकालात निघालं. पत्रिका जुळवायला घ्यावी तर गण तीन: देव, मनुष्य, राक्षस. नक्षत्रं सत्तावीस, प्रत्येक गणाला नऊ-नऊ. या हिशेबाने तुमच्या बिल्डिंगमधल्या दर तीन माणसांत एक राक्षस निघतो. सोसायटीच्या वार्षिक सभेला हजर राहिलेल्यांना हा आकडा कमीच वाटेल. छत्तीस गुणांपैकी सहा या गणाचे.

परदेशातही फार निराळं नाही. नोकरीच्या मुलाखतीपासून मुलांच्या मोबाइलपर्यंत सगळीकडे पोचलेली ती सोळा प्रकारांची, चार-चार अक्षरांची चाचणी आहे ना, मायर्स-ब्रिग्ज नावाची? तिचा उगम एका सासूत आहे. कॅथरिन ब्रिग्ज या बाईंची मुलगी इझाबेल कॉलेजात शिकत होती. तिने क्लॅरेन्स मायर्स नावाचा मुलगा पसंत केला आणि घरी आणला. मुलगा चांगला होता, पण या घरातल्या कुणासारखाच नव्हता. विचार करायची त्याची तऱ्हाच वेगळी. कॅथरिनबाई विचारात पडल्या आणि माणसांचे प्रकार पाडायला बसल्या. पुढे कार्ल युंगचं १९२१ सालचं मानसिक प्रकारांवरचं पुस्तक इंग्रजीत आलं तेव्हा त्यांना त्यात आपलंच म्हणणं सापडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मायलेकींनी मिळून प्रश्नावली तयार केली. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राची रीतसर पदवी घेतलेली नव्हती. इझाबेलने त्याआधी एक रहस्यकथा लिहून बक्षीस मात्र मिळवलं होतं, आणि मला विचाराल तर या कामाला तीच पात्रता जास्त जवळची.

ही हकिकत ऐकून मावशीने मेथीची जुडी खाली ठेवली. "जावयासाठी एवढी खटपट!" ती म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता.

या खान्यांत आपल्याला इतकं बरं का वाटतं, याचा एक मजेदार पुरावा बर्ट्राम फोरर या प्राध्यापकाने १९४८ साली वर्गातच काढला. एकोणचाळीस विद्यार्थ्यांकडून त्याने व्यक्तिमत्त्वाची चाचणी भरून घेतली आणि काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात त्याचं खास वर्णन दिलं. हे वर्णन तुम्हाला किती लागू पडतं, पाचपैकी गुण द्या, असं सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग कळलं की वर्णन सगळ्यांना एकच दिलं होतं आणि त्यातली वाक्यं रस्त्याकडेच्या स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातली होती. लोकांनी तुम्हाला मान द्यावा असं तुम्हाला वाटतं, बाहेरून तुम्ही शिस्तीचे दिसता पण आत कधीकधी चिंता असते, असा सगळा मामला. हे कुणाला लागू पडणार नाही? आमच्याकडे संक्रांतीला दारावर येणारा नंदीबैलवाला हेच काम पसाभर तांदळात करायचा.

या सगळ्याला छेद गेला तो जरीपटक्यात, साड्यांच्या एका दुकानात.

मावशीच्या नातीचं लग्न ठरलं होतं आणि मानपानाच्या साड्या घ्यायच्या होत्या. मावशीची खरेदी म्हणजे सीताबर्डी, फार तर गांधीबाग. पण भिशीतल्या कुणीतरी जरीपटक्याचे भाव तिच्या कानावर घातले होते. मग आम्ही शंकरनगरला मेट्रोत बसलो, सीताबर्डीला गाडी बदलली आणि कामठी रोडच्या डोक्यावरून इंदोऱ्याकडे निघालो. गड्डीगोदामला सगळ्यांत खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर आपण. मावशीने खाली पाहिलं, समोरच्या सीटवरच्या दोघांना आगाऊ आणि चेंगट ठरवलं, आणि इंदोरा चौक आला.

जरीपटका हे नाव मराठ्यांच्या निशाणाचं आणि वस्ती प्रामुख्याने सिंध्यांची. फाळणी झाली तेव्हा पंजाब आणि बंगाल दुभंगले. सिंध सगळाच्या सगळा पलीकडे गेला. पंजाबी माणसाला निदान पंजाबात जाता आलं, सिंध्याला आपलं म्हणावं असं गावच इकडे उरलं नाही. दहा-बारा लाख माणसं निघाली आणि जिथे जागा मिळाली तिथे टेकली. कल्याणच्या लष्करी छावणीचं उल्हासनगर झालं, पुण्याशेजारी पिंपरी वसली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडची तेव्हाची राजधानी असलेल्या नागपूरच्या उत्तर अंगाला जरीपटका. आज शेजारीच इंदोऱ्याचं बुद्धविहार आहे, पलीकडे ख्रिस्ती वस्ती आहे, आणि बाजारात पकवानावर दाल वाढणारा माणूस तुमच्याशी एका वाक्यात तीन भाषा बोलतो.

नव्या गावात दुकान टाकणाऱ्या या माणसांपुढे अडचण काय असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. महालातल्या जुन्या दुकानदाराला गिऱ्हाईकाचे आजोबा माहीत असतात. कोण कुणाचा, कुणाची उधारी किती पिढ्यांची, कुणाशी घासाघीस करायची नाही, हे सगळं वारशाने मिळतं. इथे वारसा गावासकट मागे राहिलेला. पायरी चढणारा प्रत्येक माणूस अनोळखी, त्याची भाषा परकी, आणि संध्याकाळपर्यंत विकलं नाही तर चूल नाही. माणूस ओळखायची विद्या अशा ठिकाणी भराभर शिकली जाते.

आम्ही शिरलो त्या दुकानाच्या गादीवर सत्तरीचे एक काका बसले होते. त्यांचे वडील सक्खरहून आलेले. काकांचा जन्म इथला, हिंदी नागपूरची, मराठी बाजारात चालेल एवढी आणि हिशेब सिंधीत. मावशीने नजर टाकली, खाना शोधला आणि माझ्या कानात म्हणाली, "गरीब बिचारा आहे रे. सिंधी वाटतच नाही." सातव्या खान्यातला हा तिसरा प्रवेश. मी चकित झालो.

काका तिकडे मावशीच्या चपलांकडे बघत होते.

नंतर, मावशी साड्यांच्या ढिगात बुडाल्यावर, त्यांनी मला चपलांचं शास्त्र सांगितलं. गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघायचं नाही, तोंड सगळे सजवूनच आणतात. चपला जोडीने, दाराकडे टोकं करून काढल्या असतील तर पाच मिनिटांचं गिऱ्हाईक. त्याला तीनच साड्या दाखवायच्या. एक इकडे, एक तिकडे पडली असेल तर चहा सांगायचा. पर्समधून ब्लाउजपीस निघाला तर मॅचिंगचं काम आहे. तिथे भाव कमी करायची गरज नसते, रंग जुळला की बाई पैसे काढते. नवरा बरोबर असेल तर त्याला पंख्याखाली बसवून पेपर द्यायचा, कारण साडी त्याच्या घड्याळावर विकली जाते. आणि दोघी-तिघी मिळून आल्या तर? मी म्हटलं, जी साडीला हात लावते तिला दाखवायचं. काकांनी मान हलवली. हात सगळ्याच लावतात. हात लावल्यावर ती कुणाकडे बघते, ते बघायचं. जिच्याकडे बघितलं गेलं ती खरी गिऱ्हाईक, मग ती कोपऱ्यात मोबाइल बघत का बसली असेना.

मी चांगलाच भारावलो. "काका, तुम्ही तर माणूस आरपार ओळखता!"

"ना साईं," काका म्हणाले. "आदमी को कौन पहचानता है? मैं ग्राहक को पहचानता हूँ. पायरी उतर गया, फिर वो जाने, उसका राम जाने."

मला तरी राहवलं नाही. नागपुरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात काही पक्क्या समजुती असतात. पु. ल. देशपांड्यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची मोजमापं काढून ठेवल्यापासून तर त्या समजुतींना साहित्याची प्रतिष्ठाच आली आहे. मी विचारलं, मराठी गिऱ्हाईक आणि पंजाबी गिऱ्हाईक यांत फरक असतो की नाही? मराठी माणूस घरून ठरवून येतो, पंजाबी दुकानात ठरवतो, असं म्हणतात.

काकांनी गल्ला बंद केला. "साहब, पाँच तारीख को सब पंजाबी. पच्चीस को सब मराठी."

"आणि सिंधी?"

"इकतीस मार्च को सब सिंधी."

अमेरिकेत प्रिन्स्टनला धर्मोपदेशक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांवर जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायचं होतं. त्यांतल्या निम्म्यांचा विषय बायबलमधली ती गोष्ट: वाटेवर जखमी पडलेल्या वाटसरूला परक्या जमातीचा माणूस मदत करतो ती. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवला होता. कोण थांबतो? धर्मावर श्रद्धा कशा प्रकारची आहे, हे मोजून काही अंदाज येईना. फरक पडला तो घाईने. वेळ भरपूर आहे असं सांगितलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. काही जण तर दयाळू वाटसरूवर भाषण देण्याच्या घाईत त्या माणसाला ओलांडून गेले. काकांना हा प्रयोग सांगितला असता तर त्यांनी प्रिन्स्टनला कॅलेंडर पाठवून दिलं असतं.

खरं सांगायचं तर काकांचं म्हणणं मानसशास्त्रात मांडणारा माणूस होऊन गेला आहे, आणि तोही एका निर्वासित दुकानदाराचाच मुलगा. वॉल्टर मिशेल. जन्म १९३० चा, व्हिएन्नातला. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये ज्यू कुटुंब जीव घेऊन निघालं आणि अमेरिकेत ब्रुकलिनला पोचलं. आईवडिलांनी पाच-दहा सेंटांत किरकोळ वस्तू मिळणारं छोटं दुकान टाकलं. मुलांपुढे मार्शमॅलो ठेवून 'थांबलास तर दोन मिळतील' म्हणणारा प्रयोग करणारा तो हाच. पण १९६८ साली त्याने एका पुस्तकाने आपल्याच धंद्याची झोप उडवली होती. त्याने तोवरचं संशोधन तपासून दाखवलं की चाचणीत निघालेला स्वभाव आणि एखाद्या प्रसंगातलं प्रत्यक्ष वागणं यांची सांगड फार सैल असते. सहसंबंध बहुधा ०.३० च्या वर जात नाही. प्रामाणिक म्हणून शिक्का बसलेला माणूस परीक्षेत कॉपी करत नसेल, पण रेल्वेत नातवाचं वय कमी सांगेल.

मिशेलच्या लहानपणच्या त्या दुकानात काय चालत असे हे मला ठाऊक नाही, पण काउंटरमागे उभा राहिलेला मुलगाच पुढे असं काही लिहू शकतो, अशी माझी आपली समजूत आहे.

यावरून पुष्कळांना वाटलं की मिशेल स्वभाव नावाची चीजच नाकारतो आहे. तसं नव्हतं. पुढे युइची शोडाबरोबर त्याने उन्हाळी शिबिरातल्या मुलांना आठवडेच्या आठवडे न्याहाळलं. दोन मुलं सारखीच भांडखोर. पण एक भांडतो तो बरोबरीच्यांनी चिडवलं तर. मोठ्यांनी दटावलं तर गप्प. दुसरा मोठ्यांनी दटावलं की उसळतो, पोरांच्या चिडवण्याला हसून सोडून देतो. सरासरी काढली तर दोघे एका खान्यात. पण प्रत्येकाचं आपलं जर-तर ठरलेलं, आणि ते मात्र टिकाऊ. चिडवलं तर असा, दटावलं तर तसा. माणूस ओळखायचा तर त्याची ही जर-तरची यादी जमवावी लागते, आणि ती जमवायला त्याच्याबरोबर राहावं लागतं. चहाच्या एका कपात ते होत नाही.

आमच्या समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली तेव्हा त्यांनाही हे उमगलं असावं. दुसऱ्या दशकाच्या पहिल्या समासात मूर्खाचं नाक कसं, डोळे कसे, रास कोणती, यातलं काही नाही. स्वतःची स्तुती स्वतः करतो तो, हलाखीत असताना वाडवडिलांची कीर्ती सांगत बसतो तो, अशी सगळी कृत्यांची यादी. शेवटी पढतमूर्खांसाठी वेगळा समास. वाचताना प्रत्येक ओळीला ओळखीचं कुणीतरी आठवतं, बहुतेकदा मेहुणा. आपण स्वतः तिसऱ्या-चौथ्या ओळीपाशी भेटतो, पण तिथे वाचक पान उलटतो.

काकांकडे त्यांची स्वतःची एक पोथी होती: उधारीची लाल वही. चपलांवरून विक्री कळते, पण उधारी? "चेहरे से? कभी नहीं," ते म्हणाले. गोड बोलणारा बुडवतो, तोंडाळ माणूस पहिल्या तारखेला आणून देतो. कधी याच्या अगदी उलट. त्यात नियम शोधायला गेलात तर दिवाळं निघेल. एकच गोष्ट कामाची, मागची पानं. मागच्या वेळी कधी दिले, न मागता दिले की माणूस पाठवावा लागला, घरात आजारपण होतं तेव्हा येऊन सांगितलं की गल्ली बदलून जायला लागला. नवं गिऱ्हाईक असेल तर पान कोरं असतं आणि कोऱ्या पानावर पाचशेच्या वर उधार नाही. वहीत नावांपुढे आडनावं थोडी आणि खुणा फार: 'बँकवाली दीदी', 'दो चोटी', 'रेल्वे क्वार्टर', 'हिसाब रुक-रुक के'. शेवटची खूण मी पाहिली त्या वहीत स्वभाववर्णनाच्या सर्वांत जवळ जाणारी, आणि तीसुद्धा खरी म्हणजे तारखांचा गोषवारा.

गणांचा विषय मावशीने मध्येच साड्यांमधून डोकं वर काढून छेडला. तुमच्यात पत्रिका बघतात का, म्हणून. काका म्हणाले, त्यांच्या वडिलांची पत्री सक्खरच्या घरात फडताळातच राहिली. निघताना दागिने घेतले, भांडी घेतली, पत्री कोण आठवणार? इथे लग्न झालं तेव्हा जुळवायला गुणच नव्हते. "पचपन साल झगड़ा किया दोनों ने," काका म्हणाले. "निभ गया."

मावशी यावर काही बोलली नाही. तिने एक निळी बाजूला काढली.

गादीच्या टोकाला काकांचा नातू बसला होता, वीस-बावीसचा. दुकानात तो क्वचितच बोलत होता. साड्यांच्या घड्या घालत होता आणि मधून मधून मोबाइल. त्याने ती सोळा प्रकारांची चाचणी दिलेली होती. चार अक्षरं त्याला पाठ होती आणि त्यांचा सारांश, तो अंतर्मुख. गर्दीत थकतो, एकांतात ताजातवाना होतो. मुलगा हे सांगताना जरा सुखावलेला दिसला. दुकानात बसायला आवडत नाही याला अधिकृत कारण मिळालं होतं. तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर पुष्कळांची अक्षरं बदलतात, हे मी त्याला सांगितलं नाही. त्याचं सुख मी कशाला घालवू?

ते काम आजोबांनी केलं. "ये? ये चुप?" गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चेटीचंडच्या मिरवणुकीत या म्हणाले. ढोल सुरू झाला की छेज खेळणाऱ्यांत सगळ्यांत पुढे हाच, टिपऱ्या तुटेपर्यंत. आणि वसुलीला पाठवलं तर गड्डीगोदामच्या चिवटातल्या चिवट माणसाकडून पैसे घेऊन येतो, तेही हसवून.

नातू लाजला. "टेस्ट में जुलूस का सवाल ही नहीं था," तो म्हणाला.

मला वाटतं, वॉल्टर मिशेलला हे एवढंच म्हणायचं होतं. त्याला पुस्तकं लिहावी लागली, कारण त्याला प्राध्यापकांना पटवायचं होतं.

इकडे मावशीचं वर्गीकरण धडाक्यात चालू होतं. मानपानाच्या साड्या म्हणजे नातेवाइकांची पाहणीच असते. मुलाची आत्या आगाऊ, तिला काठ रुंद. थोरली काकू चेंगट, ती कोणतीही साडी दिली तरी किंमत विचारणारच, तेव्हा दिसायला भारी आणि भावाला हलकी. चाबऱ्या मामीला डाळिंबी, म्हणजे बोलायला जागा उरणार नाही. एकेकीला मिनिटसुद्धा लागत नव्हतं. काका न बोलता बाजूला रचत होते आणि मी मनात म्हणत होतो की ऑलपोर्टला ही बाई भेटायला हवी होती.

अडलं विहीणबाईंपाशी. मुलाची आई. तिला मावशी दोनदाच भेटली होती, आणि दोन्ही वेळा त्या बाईने पाणी घेतलं, अर्धं प्यायली आणि पेला स्वतः उचलून आत नेऊन ठेवला. मावशीच्या शास्त्रात या वागण्याला खाना नव्हता. मोतिया रंगाची पैठणी काठाची एक आणि आमसुली रंगाची एक, दोन साड्या तिने मांडीवर घेतल्या. मोतिया खिडकीशी नेऊन पाहिली. आमसुली खांद्यावर टाकून आरशात पाहिली. मला विचारलं, नातवाला विचारलं, पंख्याखाली बसलेल्या एका अनोळखी नवऱ्यालाही विचारलं. त्या बिचाऱ्याने पेपरमधून मान वर न काढता "दोन्ही चांगल्या" असं अनुभवी उत्तर दिलं. शेवटी मोतिया घेतली. "सौम्य आहे," मावशी म्हणाली, साडीबद्दल की विहिणीबद्दल ते स्पष्ट झालं नाही.

बिल होत असताना नातू भावाची चिठ्ठी कापायला कात्री घेऊन बसला होता. इतर साड्यांच्या कापून झाल्या. मोतियाशी पोचला तेव्हा काका हलकेच म्हणाले, "इसका टैग मत काट."

पुढच्या आठवड्यात मावशीने मला फोन केला. सहजच, जरीपटक्याला जायचं होतं. पिशवीत मोतिया साडी होती. आता नाही का, त्या विहीणबाई केळवणाला आल्या होत्या आणि त्यांनी पंगतीत सावजी मटणाच्या गोष्टी काढल्या, स्वतः करतात म्हणे, तेही तर्रीदार. मोतिया त्यांना शोभणार नव्हती.

दुकानात आम्ही पायरी चढलो तेव्हा काकांनी मागे हात घातला आणि आमसुली साडी समोर ठेवली. वेगळी बांधून ठेवलेली होती, वर कागद लावून. मावशी क्षणभर गप्प राहिली. मग जरा रागानेच म्हणाली, "तुम्हाला कसं कळलं?"

"मौसीजी, बाकी सब का आपने एक मिनट में फैसला किया. इसका पौन घंटा." काका बिल फिरवत म्हणाले. "और जाते टाइम दरवाज़े से इसी को पलट के देखा. पैसे उतने ही हैं, कुछ देना नहीं."

मावशीने साडी घेतली, चपला घातल्या, आणि इंदोरा चौकापर्यंत ऑटोत एक शब्द बोलली नाही. मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर पाय ठेवता ठेवता तिने माझा दंड धरला.

"काडीबाज आहे तो," ती म्हणाली. "मी तर पाहिल्याबरोबर ओळखलं होतं."